अंड्याविना केक : अंड्याची कामे, त्यांचे पर्याय आणि नावाची जबाबदारी

बेकरीत केक घेताना "यात अंडे आहे का?" हा प्रश्न नेहमी विचारला जातो. प्रश्न एकच असला तरी विचारणाऱ्यांची कारणे निरनिराळी असतात. जैन कुटुंबाला अंडे धर्माने वर्ज्य असते. एखाद्या आईच्या मुलाला अंड्याची ॲलर्जी असते. व्हीगन आहार घेणाऱ्या तरुणाला अंड्याबरोबर दूध, लोणी आणि मधही नको असतो. मुस्लिम ग्राहकाला अंड्याविषयी काहीच हरकत नसते, परंतु केकवरील क्रीममध्ये जिलेटिन कोणते आहे याची त्याला चिंता असते. वडोदरा, इंदूर, बेळगाव, हैदराबाद यांसारख्या शहरांत हे चारही ग्राहक एकाच दुकानात येतात आणि ईद, दिवाळी किंवा नाताळ यांच्या निमित्ताने एकमेकांच्या घरीही जातात. म्हणूनच अंड्याविना गोड पदार्थ कसे भाजावेत हा केवळ पाककृतीचा विषय राहत नाही. एका दस्तरखानावर सर्वांना बसता यावे, असा तो व्यवहाराचाही विषय आहे.

या विषयात एक गैरसमज फार रूढ आहे. अंड्याला 'एक' पर्याय असतो, तो सापडला की काम झाले, असे मानले जाते. मग कोणी केळे घालतो, कोणी जवस, कोणी दही, आणि केक चिकट झाला किंवा बसला की अंड्याविना केक चांगला होतच नाही असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः अंडे केकमध्ये एकाच वेळी अनेक कामे करते. त्यामुळे पर्याय अंड्याला नव्हे, तर अंडे जे काम करते त्या कामाला शोधावा लागतो. प्रस्तुत लेखात ही कामे कोणती, त्यांना कोणते पर्याय उपलब्ध आहेत, ते कोठे कमी पडतात आणि तयार पदार्थाला नाव देताना कोणती काळजी घ्यावी, यांचा विचार केला आहे.

चार शब्द, चार अर्थ

प्रथम शब्दांचा घोळ दूर करणे आवश्यक आहे. 'एगलेस' म्हणजे फक्त अंडे नसलेला पदार्थ. त्यात दूध, दही, लोणी, तूप असू शकते. आपल्याकडे घरोघरी केला जाणारा एगलेस केक बहुधा कंडेन्स्ड मिल्कवर आधारलेला असतो. तो अंड्याविना असला तरी व्हीगन नाही.

'शाकाहारी' या शब्दाचा अर्थ देशागणिक बदलतो. पाश्चात्त्य देशांत स्वतःला शाकाहारी म्हणवणारे अनेकजण अंडी खातात. भारतात मात्र २००१ पासून लागू झालेल्या लेबलाच्या नियमांत अंडे मांसाहारात आणि दूध शाकाहारात धरले आहे. वेष्टनावरील हिरवा ठिपका म्हणजे अंडे नाही, पण दूध असू शकते. मांसाहारी पदार्थाची खूण पूर्वी तपकिरी ठिपका अशी होती, आता ती चौकटीतील तपकिरी त्रिकोण अशी आहे.

'व्हीगन' हा शब्द तुलनेने नवा आहे. इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीगन सोसायटी स्थापन केली. 'व्हेजिटेरियन' या इंग्रजी शब्दाची सुरुवातीची तीन आणि शेवटची दोन अक्षरे घेऊन हा शब्द घडवला गेला. प्राण्यापासून मिळणारे काहीही, म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध, तूप आणि मधही, न घेणे असा त्याचा आशय आहे. भारतात अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये व्हीगन अन्नासाठी स्वतंत्र नियम केले आणि वेगळे चिन्हही ठरवून दिले.

'हलाल' या शब्दाचा निकष या सर्वांहून वेगळा आहे. हलाल पक्ष्याचे अंडे हलालच असते आणि दूधही हलाल असते. उलट, व्हीगन पदार्थात मद्यार्क असू शकतो. तेव्हा व्हीगन म्हणजे आपोआप हलाल असे नाही आणि हलाल म्हणजे व्हीगन असेही नाही. हे चार शब्द चार वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, ही गोष्ट प्रारंभीच ध्यानात ठेवली पाहिजे.

अंडे काय काय करते?

कोंबडीच्या मोठ्या अंड्याचे टरफलाविना वजन सुमारे ५० ग्रॅम भरते. त्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणी, साडेबारा टक्क्यांच्या आसपास प्रथिने आणि दहा टक्क्यांच्या आसपास स्निग्ध पदार्थ असतात. पांढरा भाग म्हणजे जवळजवळ नऊ दशांश पाणी आणि उरलेली मुख्यतः प्रथिने. सारा स्निग्धांश पिवळ्या बलकात असतो आणि त्याच बलकात लेसिथिन नावाचे द्रव्यही असते. या घटकांमुळे अंडे पुढील कामे करते.

पहिले काम बांधण्याचे व आकार धरून ठेवण्याचे. उष्णता लागली की अंड्यातील प्रथिने घट्ट होतात. पांढरा भाग सुमारे ६२ अंश सेल्सिअसपासून आणि बलक त्यानंतर, ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान, आळू लागतो. साखर मिसळली की हे तापमान आणखी वर सरकते. ओव्हनमध्ये केकच्या मिश्रणातील वायूचे बुडबुडे फुगत असतात. नेमक्या त्याच सुमारास अंड्याची प्रथिने आणि मैद्यातील पिष्ट घट्ट होऊन बुडबुड्यांच्या भिंती पक्क्या करतात. म्हणूनच केक फुगतो आणि ओव्हनमधून बाहेर काढल्यावरही फुगलेला राहतो.

दुसरे काम फुगवण्याचे. अंडे फेटले की त्यातील प्रथिने हवेच्या बुडबुड्यांभोवती पातळ पडदा तयार करतात. स्पंज केक जवळजवळ संपूर्णपणे या फेसावर उभा असतो.

तिसरे काम एकजीव करण्याचे. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. बलकातील लेसिथिन या दोहोंना धरून ठेवते, त्यामुळे मिश्रण फाटत नाही आणि केकची जाळी बारीक व सारखी पडते.

चौथे काम ओलावा, रंग व चव देण्याचे. एका अंड्याबरोबर साधारण ३७ ते ३८ ग्रॅम पाणी मिश्रणात येते. अंडे नुसते वगळले की हे पाणीही वगळले जाते आणि केक कोरडा होतो. बिस्किटावर किंवा पावावर अंडे फासल्याने येणारी चकाकी व तांबूस रंग हाही याच कामाचा भाग मानता येईल.

पाककृतीत एक अंडे असेल, तर बहुधा ते बांधण्याचे आणि ओलावा देण्याचे काम करते, आणि त्याला पर्याय सहज मिळतो. दोन असतील तरी प्रयत्नाने जमते. तीन किंवा अधिक असतील, तर त्या पदार्थाचा सांगाडाच अंड्याचा आहे असे समजावे. तेथे साधी अदलाबदल चालत नाही. पाककृतीच नवी घ्यावी लागते.

आजार व टंचाई यांतून झालेले शोध

अंड्याला पर्याय शोधण्याची कल्पना आजची नाही. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते अल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडे सोसत नसे. कस्टर्ड हा तर अंड्याच्या बलकाने घट्ट होणारा पदार्थ. बर्ड यांनी १८३७ साली बलकाऐवजी मक्याच्या पिठाचा, म्हणजे कॉर्नफ्लॉवरचा, वापर करून कस्टर्ड पावडर बनवली. त्यांच्या पत्नीला यीस्टही सोसत नसल्यामुळे १८४३ मध्ये त्यांनी बेकिंग पावडरही तयार केली. रमजानमध्ये इफ्तारीसाठी घरोघरी होणारे फ्रूट कस्टर्ड अंड्याविना असते, ते याच शोधामुळे. एका घरातील पथ्यासाठी केलेली ही सोय पुढे जगाच्या स्वयंपाकघरांत पोहोचली.

दुसरे कारण टंचाईचे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत अंडी, दूध व लोणी यांविना केल्या जाणाऱ्या केकचा प्रसार झाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जून १९४१ पासून अंड्यांचे रेशनिंग सुरू झाले आणि माणशी आठवड्याला एक अंडे असे प्रमाण पडले. अंडी रेशनमधून मुक्त होण्यास १९५३ साल उजाडावे लागले. त्या वर्षांत सिरका आणि सोडा यांच्या जोरावर फुगणारे केक गृहिणींच्या हाती चांगले बसले. टंचाई आपल्या परिसरालाही अपरिचित नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव आढळला. तेव्हा लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या आणि लोकांनी अंड्यांकडे पाठ फिरवली. २०२५ च्या सुरुवातीस याच रोगामुळे अमेरिकेत अंड्यांचे भाव विक्रमी पातळीवर गेले. पर्यायांची माहिती असणारा बेकरीवाला अशा वेळी दुकान चालू ठेवू शकतो.

तिसरा टप्पा व्हीगन चळवळीचा. २०१४ साली फ्रान्समधील गायक जोएल रोसेल यांनी डब्यातील कडधान्यांचे पाणी अंड्याच्या पांढऱ्या भागाप्रमाणे फेटले जाते हे दाखवले. २०१५ मध्ये अमेरिकेतील गूस वोल्ट यांनी केवळ छोल्यांचे पाणी आणि साखर यांपासून मेरिंग, म्हणजे फेसाचे कुरकुरीत बिस्किट, तयार केले. लॅटिन भाषेतील 'पाणी' आणि 'शेंगेचा दाणा' या अर्थांच्या शब्दांवरून या पाण्याला 'अक्वाफाबा' हे नावही वोल्ट यांनीच दिले. छोले शिजवून त्यांचे पाणी ओतून देणाऱ्या घरांना ही बातमी नवलाची वाटणे स्वाभाविक होते.

कामानुसार पर्याय

बांधण्यासाठी : जवस हा सर्वांत सोपा पर्याय होय. एक मोठा चमचा जवसाची बारीक पूड तीन मोठे चमचे पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटे ठेवली, की जवसाच्या सालीतील बुळबुळीत द्रव्य पाण्यात उतरते आणि मिश्रण अंड्यासारखे दाट होते. हे प्रमाण एका अंड्याऐवजी आहे. जवसाला स्वतःचा वास व तपकिरी रंग असल्यामुळे चॉकलेट, गूळ, खजूर किंवा मसाल्याच्या केकमध्ये व बिस्किटांत तो खपून जातो. पांढऱ्या केकमध्ये मात्र तो डोळ्यांना दिसतो. दोनांहून अधिक अंड्यांऐवजी जवस वापरल्यास केक आतून चिकट राहतो.

ओलाव्यासाठी : एका अंड्याऐवजी पाव कप कुस्करलेले पिकलेले केळे किंवा तेवढाच शिजवलेल्या सफरचंदाचा गर घेता येतो. यांतील पिष्ट, पेक्टिन आणि पाणी केकला मऊ ठेवतात. हे गर फुगवण्याचे काम मात्र करीत नाहीत. म्हणून सोबत अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर जास्त घालावी. केळ्याची चव लपत नाही, हेही लक्षात घ्यावे.

एकजीव करण्यासाठी : सोयाबीनमध्ये लेसिथिन असते आणि वनस्पतींपासून केलेल्या दुधांत प्रथिनांच्या बाबतीत सोया दूध वरचढ असते. एक कप सोया दुधात एक मोठा चमचा लिंबाचा रस किंवा सिरका घालून पाच मिनिटे ठेवले की ते ताकासारखे फाटते. असे दूध तेलाला धरून ठेवते आणि त्यातील आम्ल सोड्याला जागे करते. नारळाच्या दुधात स्निग्धांश भरपूर असतो, त्यामुळे ते लोण्याची उणीव भरून काढते, परंतु बांधण्याच्या कामी फारसे उपयोगी पडत नाही. ही अदलाबदल करताना दोहोंत गल्लत होऊ नये.

फेसासाठी : येथे छोल्यांचे पाणी उपयोगी पडते. छोले रात्रभर भिजवावेत, भिजवणीचे पाणी टाकून द्यावे आणि ताज्या पाण्यात मीठ व सोडा न घालता शिजवावेत. ते पाणी गाळून, गार करून फ्रीजमध्ये ठेवल्यावर अंड्याच्या पांढऱ्या भागाइतके दाट दिसले पाहिजे. पातळ असल्यास थोडे आटवावे. दोन मोठे चमचे पाणी एका अंड्याच्या पांढऱ्या भागाऐवजी आणि तीन मोठे चमचे पूर्ण अंड्याऐवजी घेतात. भांड्याला तेलकटपणा अजिबात नसावा. विजेवरील बीटरने दहा मिनिटांपर्यंत किंवा त्याहून अधिक फेटल्यावर घट्ट फेस उभा राहतो. मेरिंग करायचे असल्यास ते १०० अंशांच्या आसपास दीड ते दोन तास वाळवावे लागते. छोल्यांतील थोडी प्रथिने, पिष्ट आणि सॅपोनिन नावाची फेसाळ द्रव्ये यांच्यामुळे हा फेस होतो.

घट्टपणासाठी : कस्टर्डसाठी कॉर्नफ्लॉवर आणि थंड पुडिंगसाठी चायना ग्रास हे पर्याय आहेत. रमजानमध्ये चायना ग्रासचे पुडिंग पुष्कळ घरांत होते. हे द्रव्य समुद्री शेवाळापासून मिळते. ते पाण्यात उकळून पूर्ण विरघळवावे लागते आणि एकदा आळल्यावर खोलीच्या तापमानाला वितळत नाही. दुधाऐवजी नारळाचे किंवा बदामाचे दूध घेतले की तेच पुडिंग व्हीगन होते.

चकाकीसाठी : सोया दुधात थोडे तेल किंवा साखरेचा पाक मिसळून वरून ब्रशने लावल्यास चांगला रंग येतो.

एक उदाहरण : सिरका व सोडा यांचा केक

वरील तत्त्व स्पष्ट करण्यासाठी एक जुनी व खात्रीची पाककृती पाहता येईल. दीड कप मैदा, एक कप साखर, तीन मोठे चमचे कोको, एक छोटा चमचा खाण्याचा सोडा आणि अर्धा छोटा चमचा मीठ एकत्र चाळून घ्यावे. दुसऱ्या भांड्यात एक कप पाणी, एक तृतीयांश कप बिनवासाचे तेल, एक मोठा चमचा सिरका आणि आवडीचा सुगंध मिसळावा. दोन्ही मिश्रणे एकत्र करून फार न घोटता लगेच आठ इंची चौकोनी भांड्यात ओतावीत आणि आधीच १७५ ते १८० अंशांपर्यंत तापवलेल्या ओव्हनमध्ये तीस ते पस्तीस मिनिटे भाजावीत. यात अंडे, दूध, लोणी यांपैकी काहीही नाही.

हा केक उभा कसा राहतो? सिरक्यातील आम्ल आणि सोडा एकत्र येताच कार्बन डायऑक्साइड वायू निघू लागतो. म्हणून मिश्रण केल्यावर ते बाजूला ठेवून देणे चुकीचे आहे. वायू हवेत उडून जातो आणि केक बसतो. हिशेब केला तर आणखी एक गोष्ट दिसते. पाच टक्के आम्लतेच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे पाऊण ग्रॅम आम्ल असते आणि ते जेमतेम एक ग्रॅम सोड्याला पुरते. छोट्या चमच्यात सोडा तर साधारण पाच ग्रॅम असतो. उरलेल्या सोड्यापैकी काही भाग कोकोतील आम्लाशी संयोग पावतो आणि बाकीचा ओव्हनच्या उष्णतेने वायू सोडतो. उष्णतेने सुटलेल्या सोड्यामागे क्षार उरतो. तो कोकोचा रंग गडद करतो, आणि कोकोच्या उग्र चवीत त्याची चव झाकली जाते. याच पाककृतीतून कोको काढून पांढरा केक करायचा प्रयत्न केला तर तो पिवळट व साबणासारख्या चवीचा होतो. त्यासाठी सोडा कमी करून त्याच्या जोडीला बेकिंग पावडर घ्यावी लागते. पाककृतीमागचे कारण कळले की बदल कोठे करावा आणि कोठे करू नये हे आपोआप कळते, त्याचा हा एक नमुना होय.

या केकमध्ये बांधण्याचे काम मैद्यातील ग्लुटेन आणि पिष्ट करतात. ग्लुटेन जास्त घोटले की केक रबरासारखा होतो, म्हणून मिश्रण हलक्या हाताने करायचे असते. अंड्याच्या केकमध्ये फेटणे हा गुण असतो, तर अंड्याविना केकमध्ये मैदा पडल्यानंतर फेटणे हा दोष ठरतो.

पर्याय कोठे कमी पडतात?

प्रामाणिकपणे सांगायचे तर काही पदार्थांना पर्याय चालत नाही. छोल्यांच्या पाण्याचा फेस दिसायला अंड्याच्या फेसासारखाच असतो. परंतु पांढऱ्या भागात सुमारे दहा टक्के प्रथिने असतात, तर छोल्यांच्या पाण्यात ती एक-दीड टक्क्याच्या आसपास भरतात. ती उष्णतेने अंड्यासारखी आळतही नाहीत. त्यामुळे मेरिंग वाळवून तयार होते, पण केवळ फेसावर उभा असलेला स्पंज केक ओव्हनमध्ये फुगून मग खाली बसतो. गोव्यातील बेबिंका हा नारळाचे दूध आणि पुष्कळ पिवळे बलक यांचा थरावर थर देऊन भाजलेला पदार्थ आहे. बलक काढले तर जे उरेल ते चवदार असू शकेल, परंतु त्याला बेबिंका म्हणणे कठीण जाईल. हिवाळ्यात अनेक मुस्लिम घरांत होणाऱ्या अंड्याच्या हलव्याविषयीही हेच म्हणता येईल. तेथे अंडे हा साहाय्यक घटक नसून तोच मुख्य पदार्थ आहे.

याउलट काही जुने पदार्थ मुळातच अंड्याविना आहेत. गोव्यातील दोदोल तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा गूळ यांपासून होतो. त्यात अंडेही नाही आणि दूधही नाही. व्हीगन हा शब्द जन्मण्यापूर्वीपासून तो व्हीगन आहे. नानखटाईत अंडे नसते, फक्त तूप असते. या नावातील 'नान' हा फार्सी शब्द भाकरी किंवा रोटी या अर्थाचा असून 'खताई' हा भाग चीनच्या उत्तर प्रदेशाच्या 'खता' या जुन्या नावाशी जोडला जातो. मराठी उच्चारात 'खटाई' झाले तरी आंबटपणाशी त्याचा संबंध नाही. तुपाऐवजी गोठवलेले खोबरेल तेल घेतल्यास नानखटाई व्हीगन होते, मात्र तुपाचा सुगंध जातो. तो वेलदोडा व जायफळ यांनी काही अंशी भरून निघतो. ज्याला सर्वांना चालेल असा गोड पदार्थ हवा आहे, त्याने अंड्याच्या पदार्थाची नक्कल करण्याआधी अशा पदार्थांकडे पाहणे शहाणपणाचे ठरेल.

हलालच्या दृष्टीने काही बारकावे

अंडे काढून टाकल्यावर त्याच्या जागी जे घटक येतात, त्यांची तपासणी मुस्लिम ग्राहकाला व कारागिराला करावी लागते. बेकऱ्यांत एगलेस स्पंजसाठी वापरले जाणारे केक जेल हे तेल-पाणी एकजीव करणारे द्रव्य असते. त्यात मोनोग्लिसराइडसारखे घटक असतात. वेष्टनावर ई-४७१ या क्रमांकाने दर्शवलेला हा घटक वनस्पती तेलापासून किंवा प्राण्यांच्या चरबीपासून तयार होऊ शकतो. वेष्टनावर व्हीगन चिन्ह असेल तर ही शंका दूर होते. जिलेटिन हे प्राण्यांच्या हाडांपासून व कातडीपासून मिळते, त्यामुळे प्रमाणपत्राशिवाय त्याचा भरवसा धरता येत नाही. त्याऐवजी चायना ग्रास निर्धास्तपणे वापरता येते.

व्हॅनिलाचा नैसर्गिक अर्क बहुधा मद्यार्कात काढलेला असतो. अमेरिकेच्या मानकानुसार त्यात किमान ३५ टक्के मद्यार्क असावा लागतो. व्हीगन असूनही हलालच्या प्रश्नातून न सुटणाऱ्या घटकाचे हे ठळक उदाहरण आहे. मद्यार्कविरहित सुगंध किंवा व्हॅनिलाच्या शेंगेची पूड हे पर्याय आहेत. फेस पक्का करण्यासाठी वापरले जाणारे क्रीम ऑफ टार्टर द्राक्षमद्याच्या पिंपांत जमणाऱ्या साक्यापासून मिळवतात. ज्यांना ते नको असेल त्यांनी लिंबाच्या रसाचे काही थेंब वापरावेत, काम तेच होते.

सिरका मात्र सर्व फिकही पंथांत खाद्य म्हणून मान्य आहे. मद्यापासून मुद्दाम केलेल्या सिरक्याविषयी मतभेद आढळतो. हनफी फिकहमध्ये तो ग्राह्य मानला जातो, तर शाफिई फिकहनुसार मद्य बाहेरून काही न घालता आपोआप सिरका झाले असेल तरच तो ग्राह्य ठरतो. कोकणी मुस्लिम समाज बहुतांशी शाफिई आणि दख्खनमधील समाज बहुतांशी हनफी असल्यामुळे हा भेद आपल्या परिसरात प्रत्यक्ष जाणवतो. ऊस, सफरचंद किंवा जांभूळ यांच्या सिरक्याविषयी वा लिंबाच्या रसाच्या वापराविषयी विचारपूस आपापल्या विश्वासाच्या आलिमांकडे करावी. ज्याला शंकाच नको, त्याला लिंबू हा सोपा मार्ग आहे.

नावाची जबाबदारी

सर्वांत गंभीर बाब ॲलर्जीची आहे. अंड्याची ॲलर्जी लहान मुलांत अधिक आढळते. पुष्कळ मुलांच्या बाबतीत ती वाढत्या वयात जाते, पण असते तोवर थोडेसे अंडेही अंगावर गांधी उठण्यापासून ते श्वास कोंडण्यापर्यंत त्रास देऊ शकते. अशा मुलासाठी 'व्हीगन' किंवा 'एगलेस' हा शब्द पुरेसा नाही. त्याच टेबलावर, त्याच बीटरने, त्याच साच्यात अंड्याचा केक झाला असेल, तर अंश मागे राहतो. तसेच अंड्याचे पर्यायही सर्वांना निर्धोक नसतात. सोयाबीन, बदाम व काजू यांचीही ॲलर्जी असू शकते. म्हणून जो कारागीर अंड्याचे व अंड्याविना असे दोन्ही केक करतो, त्याने अंड्याविना केक सकाळी प्रथम करावेत, भांडी व साचे वेगळे ठेवावेत आणि विचारणाऱ्याला घटकांची संपूर्ण यादी सांगावी. कोणते पीठ वापरले, तयार प्रीमिक्समध्ये दुधाची पावडर आहे काय, वरच्या क्रीममध्ये काय आहे, हे विक्रेत्याला स्वतःला माहीत असले पाहिजे.

बेकरीच्या व्यवसायात मुस्लिम कारागिरांची पिढ्यान् पिढ्या परंपरा आहे. खमीर, नान, शीरमाल, खारी, नानखटाई या शब्दांबरोबर ही कला घरांत उतरली आहे. आता त्याच हातांना नव्या ग्राहकाची गरज भागवायची आहे. गृहविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थिनी आणि घरातून केकचा छोटा उद्योग करणाऱ्या महिला यांच्यासाठीही हे क्षेत्र खुले आहे. त्यासाठी महागड्या आयात वस्तूंची गरज नाही. जवस, छोले, केळी, नारळ, सोडा, लिंबू हे सारे बाजारात सहज मिळते. गरज आहे ती दोन गोष्टींची. पहिली, अंडे त्या पदार्थात काय करीत होते हे समजून घेण्याची. दुसरी, तयार पदार्थाला नेमके तेच नाव देण्याची, जे तो आहे. अन्नाबाबत ग्राहक विक्रेत्याच्या शब्दावर विसंबतो. तो शब्द ही विक्रेत्याकडे ठेवलेली अमानत असते. 'एगलेस' केक व्हीगन म्हणून विकला तर चव कितीही चांगली असली तरी त्या अमानतीत खयानत होते. उलट "यात अंडे नाही, पण दूध आहे" असे स्पष्ट सांगणाऱ्या दुकानदाराची त्या दिवशी एखादी विक्री बुडेल, पण ग्राहक पुढच्या वेळी त्याच्याचकडे येईल.